बोटाखालची वेलांटी

महाड लिहायला चार घरं लागतात: म, ह, आ, ड. पोलादपूरला आठ: प, ओ, ल, आ, द, प, ऊ, र. ब्रेलचं घर म्हणजे सहा टिंबांची जागा. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. यातली कुठली टिंबं उठली आहेत यावर अक्षर ठरतं. एक आणि तीन उठली की क. त्यात चौथं आलं की म. शेजारच्या दोन टिंबांत अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास, आणि टिंबाची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा उंचीवर सगळी मराठी मावते हे मला साठी उलटल्यावर समजलं, आणि समजलं ते माझ्या भावाच्या नातीमुळे.

माझा जन्म अक्षरांत गेला. गिरगावातल्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायचे. खिळे जुळवण्याच्या दिवसांत सुरुवात केली आणि पानं संगणकावर लागायला लागल्यावरही तेच काम केलं. पोलादपूर तालुक्यात तेव्हा घरटी एखादं माणूस मुंबईला असायचंच. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, मी छापखान्यात. निवृत्त होऊन वाडीतल्या घरी परतले तेव्हा नात लहान होती. ती जन्मापासून पाहू शकत नाही. घरात तिच्यावर मायेचा पाऊस होता, पण तिच्या शिकण्याचा विषय निघाला की जो तो उठून गुरांकडे नाहीतर चुलीकडे जायचा.

शाळांतून फिरतीवर येणाऱ्या विशेष शिक्षिका पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत अंड्यांच्या ट्रेचा कापलेला तुकडा होता, सहा खळग्यांचा. सोबत गोट्या. पहिल्या खळग्यात गोटी, तिसऱ्यात गोटी: क. नातीनं ट्रेवरून एकदाच हात फिरवला आणि गोट्या काढून पुन्हा तशाच ठेवून दाखवल्या. मॅडमनी तिची बोटं हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, "ही घरात काय काम करते?"

"काय करनार? तांदूळ निवडते. वरी निवडते," वहिनी म्हणाली.

"मग निम्मं काम तुम्हीच केलंय, आजी."

खडा कुठला, कणी कुठली, साळीचा दाणा कुठला, हे नातीच्या बोटांना कधीच ठाऊक झालं होतं. वहिनीच्या बोटांना मात्र टिंब लागेना. लावणी, कापणी, लाकडं, चूल यांत तिच्या बोटांची कातडी राठ झालेली. कागदावरून हात फिरवून ती म्हणाली, "मला तर सपाट लागतंय." मला टिंब लागायचं, पण अक्षर लागायचं नाही, वरचं टिंब कुठलं नि मधलं कुठलं, इथेच बोट अडायचं. मग बहुतेक डोळस शिक्षक करतात तेच मी केलं. कागद खिडकीपाशी तिरपा धरला, टिंबांच्या सावल्या पाहिल्या आणि डोळ्यांनी ब्रेल वाचायला शिकले. या वाचण्याला मी कमी लेखत नाही. मुलाच्या वहीत काय लिहिलंय ते घरात कुणाला तरी वाचता आलंच पाहिजे. पण ते वाचन निराळं आहे. डोळा शब्द अख्खा उचलतो. बोटाला एक अक्षर मिळतं, मग दुसरं, मग तिसरं. शब्द संपेपर्यंत तो कुठला हे त्याला नक्की माहीत नसतं.

नातीला वाचताना पाहत राहावं. दोन्ही हातांच्या तर्जनी शेजारी शेजारी, आणि दाब जवळजवळ नाहीच. दाबलं की टिंब कळत नाही, उलट हळूहळू बसत जातं. उजवं बोट पुढे चालतं, डावं त्याच्या मागे. ओळ संपत आली की डावं बोट आधीच खाली उतरून पुढच्या ओळीचं तोंड धरून ठेवतं. हे तिला कुणी शिकवलं नाही. मॅडमनी फक्त "दोन्ही हात ठेव" एवढंच सांगितलं होतं.

लिहिणं मात्र शिकवावं लागलं. ब्रेल पाटीच्या दोन पट्ट्यांत जाड कागद अडकवायचा आणि वरच्या पट्टीतल्या खिडक्यांतून स्टायलसच्या बोथट टोकानं टोचायचं. टिंब उठतं ते कागदाच्या मागच्या अंगाला. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षरही उलटं. कागद काढून पलटला की सगळं सुलट. लोक हे ऐकून चक्रावतात. मला ते ओळखीचं वाटलं. आमचे कंपोझिटर हातातल्या स्टिकमध्ये शिशाचे खिळे जुळवत, ते उलटेच असत, आणि ती उलटी ओळ ते सुलट्यासारखी घडाघडा वाचत. छापील पुस्तकाचं प्रत्येक पान वाचकाच्या हाती पडण्याआधी कुणीतरी उलटं वाचलेलं असे. नातीला हे सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग त्यांना पण जपून लिहायला लागत असेल."

जपूनच लिहावं लागतं, कारण इथे कितीतरी अक्षरं एकमेकांची आरशातली रूपं आहेत. इ म्हणजे दोन-चार, ए म्हणजे एक-पाच. ह उलटा झाला की ज होतो, प उलटा झाला की थ, म उलटा झाला की श, ओ उलटा झाला की औ. आणि माझी सगळ्यात आवडती जोडी ल आणि ळ. ल म्हणजे डावीकडची तीन टिंबं, एकाखाली एक. ळ म्हणजे उजवीकडची तीन. बाजू चुकली की वेलीचा वेल वेळ होतो आणि कालचा काल काळ होतो. ढ ला सगळी सहाच्या सहा टिंबं मिळाली आहेत. वर्गात 'ढ' कुणाला म्हणतात हे नातीला पक्कं माहीत होतं, त्या दिवशी घरी येऊन तिनं जाहीर केलं, "ढ सगळ्यात भरलेला असतो."

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला फार दिवस माणूस मिळालेलं नाही, म्हणून जरा थांबून सांगते. छापील देवनागरी डोळ्यासाठी रचलेली आहे. 'किल्ला' म्हणताना तोंडात आधी क येतो, मग इ. कागदावर ऱ्हस्व वेलांटी आधी उभी असते. 'सूर्य' म्हणताना र य च्या आधी येतो. कागदावर तो रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसतो. उकार खाली, मात्रा वर, काना पुढे. पहिलीतली मुलं आधी वेलांटी काढायची की आधी क, इथेच अडखळतात. डोळा हे सगळं एका झटक्यात पाहतो, म्हणून त्याला क्रमाचं काही वाटत नाही. बोटाला असला पसारा परवडणारा नाही. म्हणून ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी अशी वेगळी चिन्हंच नाहीत. व्यंजनाच्या मागे अख्खा स्वर येतो. 'कि' म्हणजे क आणि इ, 'की' म्हणजे क आणि ई. शब्द ज्या क्रमानं तोंडातून निघतो त्याच क्रमानं कागदावर उतरतो.

जोडाक्षराची गंमत याहून मोठी. चौथं टिंब एकटं आलं की ती अक्षर अर्धं असल्याची खूण. छापील मराठीत पाय मोडायचा तर तो अक्षर काढून झाल्यावर मोडतात. इथे खूण आधी येते. 'सावित्री' लिहिताना स, आ, व, इ, मग ते एकटं चौथं टिंब, मग त, र, ई. मला सुरुवातीला हे उफराटं वाटलं. मग डोळे मिटून बोट फिरवलं तेव्हा उलगडा झाला. बोटाला पुढचं काही दिसत नाही. 'त' पूर्ण वाचून झाल्यावर तो अर्धा होता असं सांगण्यापेक्षा येणारा अर्धा आहे हे आधीच सांगितलेलं बरं. ज्यानं कुणी हे ठरवलं त्यानं बोटाच्या बाजूनं विचार केला होता.

आणि अ. बाराखडीत प्रत्येक व्यंजनाच्या पोटात अ असतो, म्हणून तो वेगळा लिहीत नाहीत. पण 'मऊ' कसं लिहायचं? म आणि लगेच ऊ लिहिला तर ते 'मू' होतं. म्हणून मध्ये अ उभा करायचा: म, अ, ऊ. हा अ फक्त ऊ ला म ला चिकटू देत नाही. नातीला हे सकाळी मऊ भात खाताना सांगितलं. त्या दिवसापासून असे शब्द शोधायचा तिला नाद लागला: सई, लई, गवई. मी आयुष्यभर हे शब्द तपासले, पण त्यांच्यात लपलेला अ मला दिसला नव्हता, कारण छापील शब्दात तो दिसतच नाही.

पहिलीचं पुस्तक वाचत असताना एका दुपारी तिनं विचारलं, "आजी, सगळ्यांच्या शेवटी तीन-पाच येतं. पाणी, नदी, आई, आजी, मुलगी. 'आणि'च्या शेवटी दोन-चार का?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. त्यातला एक असा, की शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहावा. 'आणि' आणि 'नि' हे दोन अपवाद. 'परंतु', 'तथापि' यांसारखी संस्कृतातून आलेली अव्ययंही ऱ्हस्वच राहतात. कितीतरी लेखकांच्या हस्तलिखितांत हा 'आणि' मी दुरुस्त केला आहे. तो या पोरीनं, कुठलाही नियम न ऐकता, बोटानं पकडला होता.

इ आणि ई यांची ब्रेलमधली रचना पाहिली की हे कसं घडलं ते लक्षात येतं. दोन-चार ही एक तिरकी जोडी. तीच जोडी एक पायरी खाली उतरली की तीन-पाच होते. ऱ्हस्वाचा दीर्घ होतो तो एवढ्यानंच. हा फरक इतका बारीक आहे की बोटाला तिथे प्रत्येक वेळी थांबून खात्री करून घ्यावीच लागते. डोळ्यावर ती सक्ती नाही; डोळा 'आणि' हा शब्द ओळखतो आणि पुढे जातो. कान तर त्याहून लांब. बोलताना आपण 'दिन' आणि 'दीन' यांत फरक ठेवतच नाही. ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळेल अशी आजची मराठी राहिलेली नाही.

मग मी तिला आमच्या गावाचाच धडा दिला. गावाच्या नावातला 'पूर' नेहमी दीर्घ: नागपूर, सोलापूर, पोलादपूर. पण 'पोलादपुरात' म्हटलं की ऊ चा उ होतो. तिनं दोन्ही शब्द टोचले, कागद पलटला, वाचले. पहिल्यात एक-दोन-पाच-सहा, दुसऱ्यात एक-तीन-सहा. "म्हणजे आपण गावात असलो की गाव ऱ्हस्व होतं," ती म्हणाली. एवढ्या नेमक्या शब्दांत हा नियम मी कुठल्या व्याकरणात वाचलेला नाही.

आमच्या घरात 'पानी' म्हणतात, 'कोन' आला विचारतात, 'आनि' म्हणतात. ती आमची बोली आहे आणि ती कुणी सुधारावी असं मला वाटत नाही. पण नातीला 'पाणी'तला ण घरात कधी ऐकूच आला नव्हता. तो तिला पहिल्यांदा भेटला कागदावर, तीन-चार-पाच-सहा होऊन. बोलतात ते एक आणि लिहितात ते एक, दोन्ही आपलंच, हे तिला त्या दिवशी मिळालं. डोळस मुलाला दुकानाच्या पाट्या, एसटीचे बोर्ड, कॅलेंडर यांतून ते फुकट मिळत असतं.

शब्द कसा लिहितात हे कळणं हा मोठा हक्क आहे, आणि ब्रेल ही लिपी त्या हक्कासाठीच घडली. लुई ब्रेल ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळच्या कूप्व्रे गावी जन्मला. वडील खोगीर-सामान करणारे. त्यांच्या कारखान्यात तिसऱ्या वर्षी हत्यार डोळ्याला लागलं आणि पुढे दोन्ही डोळे गेले. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत आला. तिथे व्हॅलेंतां आउई यांची पद्धत होती: नेहमीचीच रोमन अक्षरं, पण कागदावर उठवलेली. दिसायला सुंदर, बोटानं वाचायला अतिशय संथ. आमच्या देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं संगमरवरात कोरली आहेत, ती नात चाचपते तेव्हा मला ते कळतं. शिरोरेषेवरून तिचं बोट सरळ घसरत जातं आणि खालचं अक्षर हाती लागत नाही. डोळ्यासाठी काढलेलं चित्र नुसतं उंच केल्यानं बोटाचं होत नाही.

त्याच सुमारास शार्ल बार्बिये नावाचे तोफखान्यातले माजी अधिकारी बारा टिंबांची एक पद्धत घेऊन शाळेत आले. टिंबांची कल्पना थोर होती. पण बार्बिये यांची टिंबं उच्चार लिहीत, शब्दाची अक्षरं लिहीत नसत. विरामचिन्हं नव्हती. आंधळ्यांना कामापुरतं कळलं म्हणजे झालं, शुद्धलेखन त्यांना कशाला, असा हिशेब त्यामागे दिसतो. पोरगेल्या लुईला तो हिशेब मान्य नव्हता. त्याला बोटाच्या एका पेराखाली मावणारं अक्षर हवं होतं आणि शब्द जसा पुस्तकात असतो तसाच अक्षरान् अक्षर हवा होता. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याची सहा टिंबांची मांडणी तयार होती. १८२९ मध्ये ती छापली गेली. तो १८५२ मध्ये वारला आणि १८५४ मध्ये फ्रान्सनं ती अधिकृत केली. त्या मुलाचं नाव घेताना मला आजही भरून येतं.

आपल्याकडे ही टिंबं मुंबईत रुजली. अ‍ॅना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी १९०० मध्ये सुरू केलेली, पुढे दादरची म्हणून ओळखली गेलेली अंधशाळा, आणि १९०२ ची ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा. पण देशात ब्रेलच्या अनेक पद्धती चालत. एका प्रांतात शिकलेल्याला दुसऱ्या प्रांतातलं पुस्तक लागत नसे. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं. त्याच वर्षी युनेस्कोनं बैरूतला परिषद भरवली. या कामात पुढे असलेले न्यूझीलंडचे सर क्लूथा मॅकेंझी पहिल्या महायुद्धात, गॅलिपोलीच्या लढाईत, दृष्टी गमावलेले गृहस्थ होते. भारती ब्रेलचं सूत्र साधं: भारतात कुठेही असा, एका ध्वनीला एकच खूण. म्हणून नातीचा क गुजरातीत, बंगालीत, तमिळमध्ये क च राहतो, इंग्रजीतला के सुद्धा तोच. डोळस माणसाला या लिप्या एक एक करून शिकाव्या लागतात.

शनिवारी आम्ही एसटीनं महाडला मॅडमकडे जातो. एकदा वेळ होता म्हणून तिला चवदार तळ्यावर नेलं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर या तळ्याशी आले, ओंजळीत पाणी घेतलं, आणि त्यांच्यामागून हजारो माणसांनी घेतलं, हे तिला सांगितलं. त्याआधी त्या माणसांना या पाण्याला हात लावायची बंदी होती, आणि त्यांनी हात लावला म्हणून त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला, हेही सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "नुसता हात लावला म्हणून?" जिला सगळं जग हात लावल्यावरच मिळतं, तिला हात लावणं हा गुन्हा कसा असेल हे समजावून द्यायला माझ्याजवळ शब्द नव्हते. ते तिला समजू नये असंच मला वाटत राहिलं.

"आता ब्रेल कशाला? मोबाईल सगळं वाचून दाखवतो," असं मला वरचेवर ऐकवतात. शिकलेली माणसं ऐकवतात, मायेनं ऐकवतात. नातीच्या वडिलांच्या फोनवर ती गोष्टी ऐकते, बातम्या ऐकते, आणि तिनं ऐकत राहावं. पुढे तिला संगणकाचा बोलका आवाज लागेल, तोही लागू दे. पण ऐकणं हे वाचणं नाही. फोन 'पोलादपुरात' म्हणतो तेव्हा त्यात कुठला उकार आहे ते सांगत नाही. जोडाक्षर कुठे फुटतं, परिच्छेद कुठे संपतो, स्वल्पविराम कुठे पडतो, हे आवाजात विरून जातं. ज्या मुलानं भाषा फक्त ऐकली त्याला ती बोलता येईल, उत्तम बोलता येईल. ती रचता येणार नाही. डोळस मुलांना आपण 'पाठ्यपुस्तकं बंद करा, रेडिओ आहे' असं म्हणत नाही.

महाड तालुक्यातच शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे: अक्षर सुटं आणि रेखीव असावं, ओळी सारख्या असाव्यात, पहिलं अक्षर जसं उमटलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत उमटावं. मुद्रितं तपासणारीनं तो समास पाठ करावा असा आहे. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा ही रीत आपल्याकडे जुनी आणि आदराची आहे. आजही न पाहणाऱ्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळतो, आणि मिळायलाच हवा. पण रामदासांना स्वतः लिहिता येत होतं. सांगायचं की लिहायचं हे त्यांना ठरवता येत होतं. दहावीपर्यंत सगळं तोंडी शिकलेली मुलगी जेव्हा उत्तर सांगते तेव्हा कागदावरचा 'आणि' तिचा नसतो, लेखनिकाचा असतो. तिनं लेखनिक घ्यावा तो सोयीसाठी. तिला लिहिता येत नाही म्हणून घेऊ नये, एवढं माझं म्हणणं.

अडचण आहे ती पुस्तकांची. एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये कितीतरी जाड खंड होतात. आणि आमच्याकडचा पाऊस. जूनपासून कागद सर्द होतो, टिंब मऊ पडतं. आम्ही वह्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवतो. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचं पाणी महाडात शिरलं, त्यात मॅडमच्या घरातली त्यांची लहानपणापासूनची काही ब्रेल पुस्तकं भिजली. पुढे रस्त्याच्या कडेनं सगळ्या गावाच्या वह्या-पुस्तकं वाळत पडली होती. छापील पुस्तकं फुगली, डागळली, तरी उन्हात वाळून वाचता येण्याजोगी झाली. मॅडमची पुस्तकंही वाळली, पण पानांवर काही उरलं नव्हतं. त्या स्वतः अंशतः पाहू शकतात आणि ब्रेलवरच शिकल्या. त्यांनी ती कोरी पानं अजून टाकलेली नाहीत.

मुंबईच्या एका ओळखीच्या बाईंनी मध्यंतरी 'स्पर्शज्ञान'चे जुने अंक पाठवले. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केलेलं हे मराठी ब्रेल पाक्षिक. नातीनं आधी तारीख वाचली, मग तारखेचा आकडा आणि ण एकाच खुणेनं सुरू होतात हे तिच्या लक्षात आलं आणि त्यावरून एक लांबलचक चर्चा झाली. बातम्या शिळ्या होत्या. तिनं त्या जेवणाच्या वेळी घरादाराला वाचून दाखवल्या आणि माझ्या भावानं, जो पेपर फक्त निवडणुकीपुरता हाती धरतो, पानावर हात ठेवून विचारलं, "ह्यात हे लिवलंय?"

येत्या जूनमध्ये तिला मुंबईला वसतिगृह असलेल्या शाळेत पाठवायचं घाटतंय. घरात त्यावर रोज बोलणं होतं. माझं मत पाठवावं असं आहे, आणि मी एकच अट घातली आहे: ती घरी पत्र ब्रेलमध्ये लिहील, आणि ते माझ्याशिवाय आणखी एकीला तरी वाचता आलं पाहिजे. म्हणून आता तिच्या आईचा वर्ग चालू आहे. शिक्षिका नातच. तिनं जाड कागदाच्या पट्ट्यांवर नावं टोचून स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिकटवली आहेत: तांदूळ, वरी, मीठ, साखर. आईनं डबा दारातल्या उजेडात तिरपा धरायचा आणि वाचायचं.

"ना... च... नी," काल तिची आई म्हणाली.

"नीट बघ. न आहे का?"

"एक..." तिनं डबा आणखी कलता केला. "नाय, एक नाय. तीन, चार, पाच, सहा."

"मग ण. आणि त्याच्या पुढे?"

"तीन-पाच."

"म्हणजे दीर्घ. आता मिठाचा डबा घे."